अंगठ्याची बाही

फेब्रुवारी सरत आला की माझ्या दुकानात हातच हात येतात. गोरे, सावळे, बांगड्या भरलेले, पेनाची शाई लागलेले, कांद्याच्या वासाचे. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, वहीत लिहायचा, की पुढचा हात. सनकोटचा हंगाम असतो हा. होळी जळाली, थंडी पळाली असं म्हणतात खरं. पण आमच्या बेलापुरात आताशा थंडी होळीची वाट बघत बसत नाही. श्रीरामपूरला कॉलेजला आणि क्लासला जाणाऱ्या पोरी स्कूटीवर बसण्याआधी अशा काही गुंडाळून घेतात, की सख्ख्या आईनं ओळखू नये. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल आणि अंगात मी शिवलेला सनकोट.

सख्ख्या आईनं ओळखू नये, हे मी पूर्वी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. आता सांगत नाही.

यंदा हंगामातली पहिली पोरगी आली ती आईला घेऊनच. कापड निवडलं, रंगावरून दोघींचं थोडं वाजलं, आणि मग ती पोरगी म्हणाली, "काकू, बाही ती अंगठ्याची ठेवा हं. तुमचीच फॅशन हाय ना ती?"

टेप माझ्या हातात होती ती हातातच राहिली. अंगठ्याची बाही म्हणजे मनगटाच्या खाली चार बोटं जास्त कापड सोडायचं आणि कडेला अंगठ्यापुरतं काज करायचं. अंगठा त्यात अडकवला की बाही तळहातापर्यंत ओढून बसते. वारा असो, स्कूटी असो, ती वर सरकत नाही. आणि फॅशन माझीच, हे खरं. म्हणजे माझ्या लेकीची. सलोमीची.

मी त्या पोरीचा हात धरला आणि माप घ्यायच्या निमित्तानं बाही कोपराच्या वर सारली. मला आकडा दिसलाच नाही. मी नुसती कातडी बघत होते. स्वच्छ होता हात, कोपराजवळ डास चावल्याची एक खूण. मी विचारलं, "झोप लागते का गं नीट?"

"लई लागते काकू. पुस्तक उघडलं की लगीच."

तिची आई हसली, मीही हसले. त्या गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, पण लोकांच्या लेकींचे हात असे न विचारता तपासायचे, हे काही बरोबर नाही. तरी उद्या पुन्हा तपासणार, हेही मला ठाऊक आहे.

बारावीचे पेपर, ईस्टरआधीचे लेंटचे उपवास आणि सनकोटचा हंगाम हे तिन्ही आमच्या घरी एकदमच येतात. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात आणि कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येतो. लहानपणापासून हा वास मला आवडायचा. त्याच्यामागोमाग ईस्टर येतो, नवा ड्रेस येतो. आता तो वास नको वाटतो. गेल्या वर्षी याच वासात सलू माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "आई, माझ्या कोटाची बाही थोडी लांब ठेव ना. आणि अंगठ्याला काज कर. वर सरकते सारखी."

"एवढी लांब कशाला गं?"

"ऊन लागतं."

मी किती खूश झाले होते! पोरगी बारावीची, वर मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास, तरी स्वतःची काळजी घेते. मी चांगलं जाड कापड वापरलं, काज दुहेरी दोऱ्यानं केलं. एवढंच नाही, तो कोट आधी दोन दिवस दुकानात अडकवून ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकीला दाखवला. महिनाभरात तशा किती बाह्या शिवल्या असतील! लेकीचं लपायचं ठिकाण मी स्वतःच्या हातानं शिवलं, आणि वर त्याची जाहिरात केली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातल्या निम्म्या बायकांचे खांदे मला ठाऊक. कुणाचा डावा उतरलेला आहे, कुणाचं वजन वाढलंय, कुणाला दिवस गेलेत, हे मला तिच्या नवऱ्याआधी कळतं. आणि सलूचे हात मी कित्येक दिवस बघितले नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. घरातसुद्धा ती तो कोट घालून बसायची. पंखा माझ्याकडं वळवायची आणि म्हणायची, मला थंडी वाजते. एकदा धुण्यात तिची बाही उलटी केली तर आत डाग दिसले. डाग ओळखणं हे माझं कामच आहे. हळद, तेल, गंज, मेंदी, रक्त, सगळे डाग मी लांबून सांगते. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, लाल शाई असेल. सलू लाल पेन वापरत नाही, हे मला माहीत होतं.

कळलं ते ईस्टरच्या ड्रेसपायी. आमच्यात ईस्टरला नवे कपडे लागतातच, आणि शिंपिणीच्या लेकीचा ड्रेस तर सगळं चर्च बघतं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आत कापड बेतायचं, हा माझा शिरस्ता. मी टेप घेऊन गेले, तर ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "मागच्या वर्षीचं माप घे."

"वर्षात माणूस वाढतं, सलू."

"मी नाही वाढले."

मला राग आला. दिवसभर लोकांची मापं घेऊन पाय भरून आलेले, आणि ही नखरे करतेय. मी तिचा हात धरला आणि बाही वर ओढली. अंगठा काजात अडकलेला होता, तर टरकन ते काज फाटलं. माझ्याच दुहेरी दोऱ्याचं.

हातावर काय होतं ते मी लिहिणार नाही. जुन्या खुणा होत्या, नव्या होत्या, आणि त्या कुणी दुसऱ्यानं केलेल्या नव्हत्या. एवढं पुरे.

मग मी जे केलं ते मात्र लिहिते, कारण ते इतर कुणी करू नये. मी तिला मारलं. जो हात आधीच दुखत होता तोच धरून मारलं. "आम्ही काय कमी केलं तुला?" असं ओरडले. मग रडले. मग तिचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "घे माझी शपथ. परत केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." आमच्यात खरं तर शपथ घेऊ नये म्हणून लहानपणापासून शिकवतात. पण भेदरल्यावर कुठली शिकवण आठवते? शेजारीपाजारी जे आयुष्यभर ऐकलं तेच तोंडातून बाहेर पडलं. सलूनं शपथ घेतली. मला वाटलं, सुटलो.

कसले सुटलो! तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आणि या खेपेला तिनं ते जास्त हुशारीनं लपवलं होतं, कारण आता तिला नुसती जखम लपवायची नव्हती, तर आई मरणार हेही पोटात ठेवायचं होतं. हे नंतर श्रीरामपूरच्या, मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंसमोर तिनं सांगितलं. मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाली, "रोज सकाळी उठले की आधी बघायचे, आई श्वास घेतेय का."

मी त्या खोलीत मान वर करू शकले नाही.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान. त्यांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, ती असं का करते? माझ्याकडं उत्तरांची यादीच तयार होती. मोबाईल. क्लासच्या ग्रुपवर दर रविवारी नंबरासकट टाकतात ते मार्क. तिची एक मैत्रीण. कुणी मुलगा असेल का? बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कारण सापडलं की आपल्याला कुणावर तरी रागावता येतं. तिला त्याचा काय उपयोग?"

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही कधीकधी पटत नाही. मला कुणीतरी हवं होतं, ज्याच्या अंगणात जाऊन मी भांडले असते. पण सलू म्हणायची, कुणी काही केलं नाही. ती म्हणायची, छातीत सगळं दाटून येतं, शब्द होत नाहीत, रडूही येत नाही, आणि मग कुठंतरी दुखलं की तेवढ्यापुरतं गप्प होतं. आणि थोड्या वेळानं दुप्पट होऊन येतं, वर लाज असते ती वेगळीच. मरायचं नव्हतं तिला. हे ऐकून माझ्या जिवात जीव आला, तर बाई लगेच म्हणाल्या, म्हणून हे हलकं धरू नका. आणि लक्ष वेधायला करते असंही म्हणू नका. लक्ष वेधायचं असतं तर तिनं बाही लांब करून घेतली नसती.

बाही लांब करून घेतली नसती! एवढी साधी गोष्ट मला शिवताना कळू नये?

त्या दिवसांत आमचं घर म्हणजे पोलीस चौकी झाली होती. सलूचे पप्पा दुधाचा टेम्पो चालवतात. शांत माणूस. आवाज चढवणं त्यांना जमत नाही. त्यांनी एका दुपारी काही न बोलता पाना-पेचकस घेतला आणि सलूच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. मी माझी कापड बेतायची मोठी कात्री लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सलूनं त्या कात्रीला कधी बोटही लावलं नव्हतं. तरीही. गिऱ्हाईक समोर असताना मी कुलूप काढायची, कापड कापायची, पुन्हा कुलूप. सलू दारात उभी राहून ते बघायची. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

चर्चच्या महिला मंडळात प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली की कुणी गुडघ्याचं सांगतं, कुणी मुलाच्या नोकरीचं. मी म्हणाले, "माझी एक मनातली विनंती आहे." सगळ्यांनी डोळे मिटले, आणि मनातल्या विनंतीचा अर्थ लावायला प्रत्येकीनं मनातच सुरुवात केली. दुसऱ्या रविवारी माझ्या कानावर आलं, शिंपिणीची पोरगी कुणाच्या तरी नादी लागलीये म्हणे. मी घरी येऊन मशीनवर बसले आणि एका सरळ शिवणीत तीनदा दोरा तोडला.

माझ्याकडं काज-बटणाला शांतामावशी येतात. साठी उलटलेली बाई, दिवसभर सुई चालते आणि तोंड बंद असतं. त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण ज्या बाईनं स्वतः त्या बाहीची कितीतरी काजं केली, तिला काय सांगायचं? त्या एकदा दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "बाय, मला काय सांगू नको. मी इचारनार बी न्हाई. पर पोरीला एकलं सोडू नको, आन् तिच्या पाठीवर बी बसू नको."

"दोन्ही कसं जमायचं मावशी?"

"जमत न्हाई. रोज चुकायचं आन् रोज करायचं."

डॉक्टरीणबाईंनीही शेवटी तेच सांगितलं, फक्त त्यांनी कागदावर लिहून दिलं. धारदार वस्तू आवरून ठेवा, हे योग्यच आहे, त्या म्हणाल्या. पण चोरून नको, तिला सांगून ठेवा. शपथा बंद. हात तपासणं बंद, त्याऐवजी विचारा, आणि जे उत्तर येईल ते ऐकून बसून राहा. ओरडू नका, रडू नका, निदान पाच मिनिटं. मला वाटलं, पाच मिनिटं काय, सहज. ती पाच मिनिटं किती लांब असतात, ते ज्यानं काढलीत त्यालाच ठाऊक.

कडी परत बसवली त्या दिवसाची मात्र मला गंमत वाटते. सलूनं दवाखान्यात सांगितलं होतं, कडी नाही म्हणून कपडे बदलतानासुद्धा धसका असतो. तेव्हा ठरलं, कडी लावायची, पण हाक मारली की ओ द्यायची. पप्पांनी जुनेच स्क्रू पुन्हा पिळले. मग ते बाहेर थांबले आणि म्हणाले, "लावून बघ गं. बसती का नीट?"

आतून खट्ट आवाज आला. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बसली," सलू आतून म्हणाली आणि कडी काढून बाहेर आली. बाप-लेक दोघं एकमेकांकडं न बघता चहा प्यायले.

आणि बटणं. माझ्याकडं बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, उरलेल्या बटणांचा. बाईंनी सलूला विचारलं होतं, मन ठिकाणावर नसतं तेव्हा हातांना काय काम देता येईल? ती म्हणाली, बटणं. लहानपणी पेपर वाईट गेला की ती तेच करायची. तेव्हापासून छातीत दाटून आलं की ती दुकानात येते, जमिनीवर डबा ओतते आणि बटणं निवडते. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. मग रंगानं. मग सगळी पुन्हा कालवून डब्यात. मी मशीन चालवत राहते. काही विचारत नाही. कधी वीस मिनिटांत उठते, कधी दोन तास लागतात. बटणांचा तो खुळखुळ आवाज आला तरी मी शिवण सोडत नाही. ती माझ्यापाशी आली आहे, आत जाऊन कडी लावून बसलेली नाही, एवढंच मी मनाशी घोकते.

सगळं छान झालं असं मी लिहीत नाहीये. मध्ये दोनदा घसरली. एकदा पावसाळ्यात, एकदा नाताळच्या आधी. नाताळच्या वेळी तिनं स्वतः येऊन सांगितलं. मी पाच मिनिटं काढली, जखम धुऊन पट्टी बांधली आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मेडिकलचा नाद तिनंच सोडला. आता ती संगमनेरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. बटणांची एक छोटी डबी सोबत नेलीये. शनिवारी एस.टी.नं येते. शनिवार ते शनिवार मी फोनकडं बघत जगते. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती. "जेवलीस का?" एवढंच विचारायचं ठरवलेलं असतं, पण माझ्या 'जेवलीस का'मध्ये काय काय भरलेलं असतं ते तिला ऐकू येतं. ती म्हणते, "जेवले आई. आणि हो, बरी आहे."

परवाच्या शनिवारी ती आली. झावळ्यांचा रविवार आठ दिवसांवर आला होता, आणि कपाटात लिंबू रंगाचं कापड महिनाभर पडून होतं. मी त्याचं नाव काढलं नव्हतं. गेल्या वर्षीचा ड्रेस शिवलाच गेला नाही, आणि यंदा विचारायची माझी छाती होत नव्हती.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ती स्टुलावर बसून एकदम म्हणाली, "आई, बुधवारी परत तसं वाटलं होतं. खूप."

माझा पाय थांबला. तिचा कोट लांब बाह्यांचाच होता. माझे डोळे तिकडं धावले, मी ते ओढून तिच्या तोंडावर आणले. "मग?"

"मग डबी काढली. त्यानं भागेना. मग वॉर्डनबाईंकडं गेले. त्या मेथी निवडत होत्या. म्हटलं, मी निवडू का? तीन जुड्या निवडल्या." ती थोडी हसली. "त्यांना वाटलं, किती कामसू मुलगी."

मी म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस."

रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. मग ती उठली, खुंटीवरची टेप काढून माझ्या हातात दिली आणि कोट उतरवला. "ड्रेस शिवणार आहेस ना? माप घे. मागच्या वर्षीचं नको."

तिनं हात पुढं केला. मी टेपेचं टोक खांद्यावर धरलं आणि खाली आणलं, दंडावरून, कोपरावरून, त्या फिकट पडलेल्या खुणांवरून. नवी एकही नव्हती. मी शोधत नव्हते, पण दिसलं. "साडेबावीस," मी मोठ्यानं म्हणाले, जशी सगळ्यांना म्हणते. तिनं डाव्या हातानं वही ओढून उजव्या हातानं लिहिलं.

"बाही कशी ठेवू?"

"पूर्ण. ऊन लागतं."

तेच शब्द. मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत होती, आणि तिनं नजर खाली केली नाही. "अंगठा नको पण," ती म्हणाली. "चर्चमध्ये बरं नाही दिसत."

मी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, कात्री घेतली आणि लिंबू कापडावर चालवली. कितीतरी दिवसांनी मला कापड कापल्याचा आवाज गोड वाटला. काम झाल्यावर मी मुद्दाम कात्री टेबलावर तशीच ठेवली. तिच्यासमोर. बघ, माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं तिला न बोलता सांगायचं होतं मला. वर्षभर हे सांगायची संधीच शोधत होते म्हणा ना. मी तुकडे गोळा करायला वाकले.

"आई."

"काय गं?"

"कात्री कपाटात ठेव. अजून थोडे दिवस."

मी कात्री आत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली. ती जमिनीवर बसून नव्या ड्रेससाठी डब्यातली पिवळी बटणं शोधत होती.